बोटीवरून टिपलेला हिमकडा आणि सील धूसर का येतात? नवी लेन्स घेण्याआधी करायच्या तपासण्या

अलास्कातल्या केनाई फ्योर्ड्स, प्रिन्स विल्यम साउंड किंवा ग्लेशियर बे या भागांत छोट्या बोटीने फिरून आलेल्यांची तक्रार बहुतेक एकाच साच्यातली असते. कॅमेरा चांगला, लेन्स १००-४०० किंवा २००-६०० मि.मी.ची टेलिफोटो, समोर हिमनदीचा कडा कोसळतोय, बर्फाच्या तुकड्यांवर सील पहुडलेत. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं झकास दिसतं. घरी कॉम्प्युटरवर उघडलं की निम्म्याहून जास्त फोटो मऊ निघतात. ना बर्फाच्या भेगा सुट्या दिसतात, ना सीलच्या मिशा.

संशय लगेच लेन्सवर जातो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. धूसरपणाचे प्रकार वेगवेगळे आहेत. प्रत्येकाचं कारण वेगळं, आणि त्यातल्या एकावर तर पैसे खर्चून काहीच उपाय होत नाही. म्हणून आधी प्रकार ओळखा.

लक्षणं

फोटो शंभर टक्के मोठा करून बघा आणि खालीलपैकी काय जुळतं ते ठरवा.

- सगळी चौकट एकाच दिशेला ओढल्यासारखी. पाण्यावरचे चमकते ठिपके बारीक रेघा झालेत. हे हलण्याचं लक्षण. (तपासणी २, ४, ५)
- वस्तूंच्या किनारी ठीक आहेत, पण सगळ्यावर दुधाची साय आल्यासारखं. काळा रंग करडा झालाय. काचेवर काहीतरी आहे. (तपासणी ३, ८)
- जवळचा सील धारदार, मागचा हिमकडा मात्र पाण्यात बघितल्यासारखा वाकडातिकडा. लागोपाठच्या दोन फोटोंत वाकडेपणा वेगळा. ही हवा आहे. (तपासणी ६)
- चौकटीत काहीतरी धारदार आहे, पण नको ते: पुढचा बर्फाचा तुकडा, बोटीचा कठडा, सीलमागचं पाणी. फोकस चुकलाय. (तपासणी ७)
- गार डेकवरून उबदार केबिनमध्ये गेल्यावर किंवा तिथून लगेच परत बाहेर आल्यावर पहिले काही फोटो धुक्यातले, मग आपोआप सुधारलेले. बाष्प. (तपासणी ८)
- रंग लिंपल्यासारखे, बारकावे पुसलेले, करड्या बर्फात खर (नॉइजचे दाणे). उजेड कमी पडलाय आणि सॉफ्टवेअरने वरून सारवासारव केलीय. (तपासणी १, २)
- प्रत्येक फोटोत, प्रत्येक ठिकाणी, तीच एक बाजू मऊ. इथे लेन्सवर संशय घ्यायला जागा आहे. (तपासणी ९)

दोन लक्षणं एकत्र असणं नेहमीचं आहे. सोपं आधी सोडवा. ते गेलं की दुसरं स्पष्ट दिसतं.

१. मूळ फाइल बघताय ना?

ही तपासणी फुकट आणि दोन मिनिटांची आहे, आणि बऱ्याच तक्रारी इथेच संपतात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो मूळ फोटो नसतो. आकार कमी झालेला, दाबलेला असतो. बर्फाच्या पांढऱ्यावर पांढऱ्या पोतातला बारकावा सगळ्यात आधी त्यात मरतो. कॅमेऱ्यातून वायफायने फोनवर घेतलेली प्रतही अनेकदा लहान केलेली असते. कार्डवरची मूळ फाइल कॉम्प्युटरवर उघडा आणि शंभर टक्क्यांवर बघा.

फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) असेल तर शार्पनिंग शून्यावर आणि नॉइज काढण्याचं प्रमाण जास्त ठेवलंय का तेही बघा. कॅमेऱ्यातच जेपेग काढत असाल तर हाय आयएसओ नॉइज रिडक्शन ‘लो’वर आणा. हिमनदीच्या पोटातल्या निळ्या रेषा आणि ओटरच्या (समुद्री पाणमांजराच्या) अंगावरची लव या दोन गोष्टी त्या सेटिंगमध्ये हमखास पुसल्या जातात.

२. शटर स्पीड: फोटोची माहिती उघडून आकडा वाचा

फोटोच्या माहितीत १/२५० किंवा १/४०० दिसलं, तर पुढच्या बहुतेक तपासण्यांची गरजच नाही.

हिशेब असा आहे. ४५ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम कॅमेरा आणि ४०० मि.मी. लेन्स धरा. कॅमेरा सेकंदाला फक्त १ अंश या वेगाने फिरत असेल, तर सेन्सरवरचं चित्र सेकंदाला सुमारे १,६०० पिक्सेल सरकतं. म्हणजे १/२५० ला ६ पिक्सेलची ओढ, १/१००० ला दीड, आणि १/२००० ला एक पिक्सेलच्या आत. शांत फ्योर्डमध्ये (हिमनदीने कोरलेल्या अरुंद खाडीत) थांबलेली बोटही सेकंदाला एक अंश सहज डुलते. मोकळ्या समुद्रात त्याच्या कितीतरी पट. ‘फोकल लेंग्थएवढा शटर स्पीड’ हा जुना नियम जमिनीवर उभ्या माणसासाठी होता, आणि तोही कमी पिक्सेलच्या काळात.

सुरुवातीला धरायचे आकडे:

- थांबलेल्या बोटीवरून बर्फावरचे सील, ओटर: १/१००० ते १/१२५०
- कोसळता कडा: १/१२५० ते १/२०००
- देवमाशाचं शेपूट, उसळी: १/१६०० ते १/२०००
- उडता पफिन: १/२५०० ते १/३२००. हा पक्षी इतक्या भरभर पंख मारतो की १/१००० ला पंखांच्या जागी नुसता धूर दिसतो.

लोक इथे अडतात ते आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवण्याच्या भीतीने. ढगाळ दिवशी एफ/५.६ अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या छिद्राचा आकार) १/१००० हवा असेल तर आयएसओ साधारण ८०० लागतो, १/२००० ला १६००. दाट ढग किंवा धुकं असेल तर आणखी दुप्पट. आजच्या कॅमेऱ्यांना हे काहीच नाही. खर नंतर कमी करता येते, ओढलेला फोटो सरळ करता येत नाही.

सोपी मांडणी: मॅन्युअल मोड, शटर १/१२५०, अ‍ॅपर्चर एफ/५.६ ते एफ/८, आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ६४००. सोबत एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१. कॅमेऱ्याचं मीटर भरचौकट बर्फ करडा करून टाकतं. घरी तो करडा उजळवला की खर वर येते आणि फोटो मऊ भासतो. ऊन पडलं तर हिस्टोग्राम बघून हे कॉम्पेन्सेशन कमी करा, नाहीतर उन्हातला बर्फ पांढराफटक होईल आणि तिथला पोत परत मिळणार नाही.

एफ/१६, एफ/२२ कडे जाऊ नका. ‘कड्यापासून सीलपर्यंत सगळं फोकसमध्ये’ या हौसेपायी प्रकाशाच्या विवर्तनाने सगळंच थोडं थोडं मऊ होतं, शिवाय शटर मंदावतो.

३. पुढची काच आणि तिच्यावरचा फिल्टर

आधी यूव्ही फिल्टर काढा. स्वस्त फिल्टर ५० मि.मी.वर खपून जातो. ४०० मि.मी.वर त्याच्या काचेतली थोडीशी असमानताही दिसते, आणि समोर एवढा मोठा पांढरा प्रकाशस्रोत असताना परावर्तनाने कॉन्ट्रास्ट उतरतो. पोलरायझरही (चमक कमी करणारा फिल्टर) काढा. तो एक ते दोन स्टॉप, म्हणजे निम्मा ते पाऊण, प्रकाश खातो, आणि ढगाळ फ्योर्डमध्ये तो प्रकाश शटरला हवा असतो. तुषारांपासून बचावासाठी हूड (लेन्सच्या टोकाला लावायची नळी) फिल्टरपेक्षा उपयोगी.

मग काच तिरक्या उजेडात धरा. अलास्काच्या फ्योर्डमध्ये दोन प्रकारचे तुषार बसतात आणि दोघांची वागणूक निराळी. बाहेरच्या समुद्रात, उदाहरणार्थ सीवर्ड बंदरातून निघून रेझरेक्शन बेच्या बाहेर चिझवेल बेटांकडे जाताना, खारं पाणी उडतं. ते वाळलं की मिठाचे कण आणि पांढरट पापुद्रा उरतो. आत, आयालिकसारख्या हिमनदीच्या पायथ्याशी, पाणी दुधी किंवा हिरवट करडं असतं. हिमनदीने खडक घासून केलेलं पीठ त्यात तरंगतं. हा खडकाचा चुरा आहे. कोरड्या कापडाने पुसलंत तर काचेवर पॉलिशपेपर फिरवल्यासारखं होईल.

क्रम चुकवू नका. आधी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकू नका, थंडीत बाष्प बसतं आणि थुंकीही उडते. मग गोड्या पाण्याने किंवा लेन्स क्लीनरने ओलं केलेलं मायक्रोफायबर न दाबता काचेवर ठेवून डाग भिजू द्या, टिपून घ्या. शेवटी दुसऱ्या, कोरड्या कापडाने मधून बाहेर गोल फिरवा. दिवसाला तीन-चार कापडं लागतात आणि एकदा खारट झालेलं कापड त्या दिवशी पुन्हा वापरायचं नाही. जॅकेटची बाही किंवा टिश्यू पेपर तर नकोच.

४. तुम्ही कुठे उभे आहात आणि बोटीला कुठे टेकलाय

कठड्यावर कोपर टेकवणं हे सगळ्यात स्वाभाविक आणि सगळ्यात घातक. थांबलेल्या बोटीतही इंजिन चालू असतं आणि त्याची थरथर कठडा, बाक, केबिनची भिंत सगळीकडून सरळ लेन्समध्ये येते. ट्रायपॉड आणि मोनोपॉड तर ती थरथर पायातून वर आणून कॅमेऱ्याला पोचवतात. बोटीवर ते गुंडाळून ठेवा.

तुमचं शरीर हाच इथला शॉक अ‍ॅब्झॉर्बर. पाय खांद्याएवढे फाकवून गुडघे थोडे सैल, कोपरं बरगड्यांना, डावा तळहात लेन्सच्या खाली. पाठ किंवा मांडी कठड्याला टेकली तर चालेल, कॅमेरा धरलेले हात नकोत. जागा शक्यतो बोटीच्या मधल्या भागात. डुलण्याचा झोल टोकांना जास्त आणि मध्ये कमी असतो. इंजिन मागे असेल तर मागची बाजू टाळा. तिथे थरथरही आहे आणि धूरही. त्या गरम धुरातून काढलेला फोटो सहाव्या तपासणीतल्या हवेइतकाच बिघडतो.

रबरी झोडियाकमध्ये उभं राहायचं नाही. फुगीर काठावर बसा, एक पाय आत रोवा, कमरेतून वळा. चालकाने स्पष्ट सांगितलं तरच उभे राहा, आणि तेही बोट पूर्ण थांबल्यावर.

लाटेची एक गोम: बोट लाटेच्या माथ्यावर आणि तळाशी क्षणभर स्थिरावते, मधल्या चढउतारात तिचा वेग सगळ्यात जास्त असतो. माथ्यावर आल्यावर ५-६ फोटोंचा बर्स्ट मारा. नुसत्या या सवयीने शार्प फोटोंचं प्रमाण ठळक वाढतं. कॅप्टनला दोन मिनिटं न्यूट्रलला ठेवता येईल का, असं नम्रपणे विचारायला हरकत नाही. इंजिन बंद करा असा हट्ट मात्र धरू नका. बर्फ वाहत येत असतो आणि कडा कधी सुटेल ते सांगता येत नाही, त्यामुळे त्याला इंजिन हाताशी लागतं.

५. स्टॅबिलायझरचं बटण

स्टॅबिलायझर म्हणजे हाताची थरथर भरून काढणारी यंत्रणा. लेन्सवरची तिची खटकी बॅगेत घासून सरकलेली असणं हे नेहमीचं आहे, म्हणून आधी ती चालू आहे का बघा. मग मोड. कॅनन आणि सोनीच्या टेलिफोटोंवर मोड १ सर्वसाधारण, मोड २ आडवं पॅन करण्यासाठी, आणि असेल तर मोड ३ वेड्यावाकड्या हालचालीसाठी. बोटीवर मोड २ चुकून राहिला तर तो वरखाली स्थिर करतो पण आडवं डुलणं पॅनिंग समजून सोडून देतो. निकॉनच्या जुन्या लेन्सवर ‘नॉर्मल’ आणि ‘अ‍ॅक्टिव्ह’ अशी खटकी असेल तर बोटीसाठी ‘अ‍ॅक्टिव्ह’. नव्यांवर ‘स्पोर्ट’ असेल तर पक्षी आणि देवमाशांसाठी तो.

शटर १/२००० च्या पुढे गेल्यावर स्टॅबिलायझर फोटोला फारशी मदत करत नाही. पण व्ह्यूफाइंडरमधलं चित्र स्थिर राहतं आणि फोकसचा ठिपका जागेवर ठेवता येतो, म्हणून सहसा चालूच ठेवा. शंका असेल तर एकाच सीलचे २० फोटो चालू ठेवून आणि २० बंद करून काढा, आणि घरी मोजा. वेगवेगळ्या कॅमेरा-लेन्स जोड्यांत उत्तर वेगळं येतं.

६. हवा: जिथे पैसे हरतात

हा भाग सगळ्यात कमी ओळखला जातो आणि याच्यामुळेच सगळ्यात जास्त लेन्स विनाकारण विकल्या जातात.

बर्फाने भरलेलं पाणी शून्याच्या थोडंच वर असतं. वरची हवा जुलैत दुपारी १० ते १५ अंश. हिमनदीवरून घसरत येणारी गार हवा त्यात मिसळते. वेगवेगळ्या तापमानाच्या हवेची घनता वेगळी, म्हणून प्रकाश प्रत्येक थरात जरासा वळतो. अर्ध्या किलोमीटरच्या अंतरात असे असंख्य वळसे बसतात. डांबरी रस्त्यावर मे महिन्यात दूरचा ट्रक लटपटताना दिसतो, त्याचाच हा थंड भाऊ. छोट्या बोटीचा तोटा असा, की तुमचा डोळा पाण्यापासून दीड-दोन मीटरवर असतो. त्यामुळे दृष्टिरेषा सगळ्यात खवळलेल्या थरातूनच जाते. मोठ्या जहाजाच्या वरच्या डेकवरून तीच हिमनदी जास्त धारदार येते, त्यात लेन्सचं कौतुक नसतं.

ओळखायचं कसं? त्याच कड्याचे १/२००० ला लागोपाठ २० फोटो काढा. एखादा खूप बरा, बाकी वेगवेगळ्या तऱ्हेने वाकडे, आणि मग त्याच लेन्सने ३० मीटरवरचा बर्फाचा तुकडा धारदार, असं असेल तर लेन्स निर्दोष. लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून बघितलं तर कड्याची किनार उकळताना दिसते.

यातला एक हिस्सा मात्र तुमच्या हातातला आहे: लेन्सने स्वतः केलेली गरम हवा. हीटर लावलेल्या केबिनमधून २० अंशांची लेन्स ५ अंशांच्या डेकवर आणली, तर पुढची वीस-तीस मिनिटं तिच्या धातूची ऊब लांब हूडमध्ये कोंडून फिरत राहते. हिमनदी यायच्या अर्धा तास आधी कॅमेरा बंद बॅगेत बाहेर ठेवा. घाईच असेल तर तेवढ्यापुरता हूड काढा. केबिनच्या उघड्या खिडकीतून फोटो काढू नका, आतली गरम हवा लेन्सच्या पुढूनच बाहेर वाहते. काचेतून तर नाहीच.

उरलेल्या हवेवर उपाय तीन: सकाळी लवकर किंवा ढगाळ वेळ, शक्य तितकं उंच उभं राहणं, आणि अंतर कमी असलेला विषय निवडणं. अंतर कमी करा असं कॅप्टनला सांगणं हा उपाय नव्हे. पूर्ण अलास्कात हंपबॅक देवमाशापासून १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, लांब राहण्याचा कायदा आहे. ग्लेशियर बेमध्ये तेच अंतर पाव सागरी मैल, सुमारे ४६३ मीटर. तिथल्या जॉन्स हॉपकिन्स इन्लेटचा आतला भाग सीलच्या विणीसाठी मे-जूनमध्ये बोटींना बंदच असतो. नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर जाणार असाल तर तिथे १ जानेवारी २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर बंधनकारक आहे.

तेव्हा चौकटीचा हिशेब आधीच करून ठेवा. फुलफ्रेमवर ४०० मि.मी. लेन्स १०० मीटरवर ९ मीटर रुंदीचं दृश्य घेते. दीड मीटरचा सील त्यात सहावा भाग व्यापेल. ५०० मीटरवर दृश्य ४५ मीटर रुंद. ग्लेशियर बेमधल्या मार्जरी हिमनदीचा कडा पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच आहे, म्हणजे ५०० मीटरवरून ४०० मि.मी.च्या आडव्या चौकटीत तो मावतसुद्धा नाही. कोसळण्यासाठी १०० ते २०० मि.मी. पुरते. कमी फोकल लेंग्थला हवेचा आणि हलण्याचा दोष दोन्ही कमी दिसतात. ६०० मि.मी. लावून कड्याकडे बघत बसणं ही हौस आहे, गरज नव्हे.

७. फोकस

पूर्ण चौकटीचा ऑटोफोकस जवळची वस्तू पकडायला उत्सुक असतो, आणि हिमनदीपुढे जवळच्या वस्तू म्हणजे तरंगणारे शेकडो तुकडे. सील तुकड्याच्या मागच्या कडेला असेल तर फोकस हमखास पुढच्या कडेवर बसतो. एकच बिंदू किंवा छोटा गट निवडा. डोळा ओळखणारी सोय सीलवर चालली तर उत्तम, पण कॅमेरा कशावर चौकोन काढतोय ते बघत राहा. डाग पडलेल्या बर्फालाही तो कधीकधी तोंड समजतो.

हिमकड्याचा अडसर उलटा आहे. धुक्यात गुळगुळीत पांढऱ्या भिंतीवर पकडायला काहीच नसतं आणि लेन्स पुढेमागे शोधत राहते. बिंदू भेगेवर, मळकट दगडमातीच्या पट्ट्यावर किंवा कडा आणि खडक मिळतात त्या रेषेवर ठेवा. फोकस लिमिटर असेल तर जवळचं अंतर वगळा.

कोसळण्याची वाट बघत असाल तर सर्वात भरवशाचा मार्ग म्हणजे कड्यावर एकदा फोकस करून मॅन्युअलला टाकणं. २०० मि.मी., एफ/८ ला ५०० मीटरवर फोकस केला तर साधारण १२५ मीटरपासून पुढे सगळं स्वीकारार्ह धारदार राहतं. ४०० मि.मी., एफ/५.६ ला ही हद्द अंदाजे ३३० मीटर ते एक किलोमीटरच्या थोडं पुढे. बोट थोडी सरकली तरी चालतं. फक्त रिंग शेवटपर्यंत फिरवून ‘अनंत’वर ठेवू नका. ऑटोफोकस लेन्स अनंताच्या पलीकडेही थोड्या फिरतात. आणि रिंगला चुकून धक्का लागला नाही ना, हे दर दहा मिनिटांनी बघा.

आवाज ऐकून कॅमेरा वळवण्याची सवयही धूसर फोटोंचं कारण आहे. ५०० मीटरवरचा कडकडाट तुमच्यापर्यंत यायला दीड सेकंद लागतो, ८०० मीटरवरून जवळजवळ अडीच. ६० मीटरवरून सुटलेला तुकडा साडेतीन सेकंदांत पाण्यात असतो. आवाजावर गर्रकन वळून काढलेल्या पहिल्या दहा फोटोंत ओढही असते आणि हुकलेला फोकसही. त्यापेक्षा कड्याचा एक भाग निवडून तिथेच राहा: बारीक चुरा सतत गळतोय, नवी निळी भेग दिसतेय, पायथा पाण्याने आत खाल्लाय. कधी वरून काहीच न पडता पाण्याखालून मोठा तुकडा अचानक वर येतो. तिथले लोक त्याला ‘शूटर’ म्हणतात. म्हणून चौकटीत पायथ्यापुढचं थोडं पाणीही ठेवा.

८. बाष्प

एसी गाडीतून जुलैच्या मुंबईत उतरल्यावर चष्म्याचं जे होतं, तेच. अलास्कात दिशा उलटी: गार डेकवरून उबदार, दमट केबिनमध्ये शिरताना. आत शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा झिप लॉक पिशवीत घालून हवा काढून बंद करा. बाष्प पिशवीवर बसेल. तास-दीड तास पिशवी उघडू नका. कार्ड आणि बॅटरी आधीच काढून घ्या, म्हणजे फोटो बघायच्या मोहाने पिशवी उघडली जाणार नाही. सततची आतबाहेर हेच मूळ कारण असतं. दिवसभर कॅमेरा बाहेरच ठेवा, फक्त जादा बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात.

बाहेरच्या काचेवरचं बाष्प पुसून थांबत नाही, तापमान सारखं झाल्यावरच जातं. आतल्या भिंगांवर बाष्प दिसलं तर लेन्स पुढेमागे झूम करू नका, दमट हवा आणखी आत ओढली जाते. सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळीही राहिलं असेल तर खालच्या यादीकडे जा.

९. आता लेन्स

वरचं सगळं निस्तरूनही धूसरपणा राहिला तर जमिनीवर चाचणी घ्या, बोटीवर नाही. विटांची भिंत किंवा भिंतीवर ताणून लावलेलं वर्तमानपत्र, ट्रायपॉड, स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर, कॅमेरा भिंतीला समांतर. सगळ्यात मोठ्या अ‍ॅपर्चरला आणि एफ/८ ला, झूमच्या दोन्ही टोकांना. चारही कोपरे ताडून बघा. मग कॅमेरा उलटा करून पुन्हा. मऊ बाजू कॅमेऱ्याबरोबर फिरली तर भिंग सरकलंय. भिंतीच्याच त्याच बाजूला राहिली तर तुम्ही तिरके उभे होता.

दुसरी चाचणी अंधारात. दोन्ही झाकणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. धुळीचे दहा-वीस कण काहीच बिघडवत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. एकसारखा धुरकट पडदा म्हणजे भिंगावरचं हेझ. मुंबई-कोकणात दोन पावसाळे कपाटात काढलेल्या लेन्समध्ये हे सर्रास सापडतं. घरच्या फोटोंत ते लपतं, आणि समोर उजळ बर्फ आला की सायीसारखं वर येतं. बुरशीची लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. प्रवासाच्या महिनाभर आधी ही टॉर्चची तपासणी केली तर दुरुस्तीला वेळ मिळतो. डीएसएलआर असेल तर फोकस सतत ठरावीक पुढे किंवा मागे पडतोय का, तेही याच वेळी बघून मेन्यूतल्या एएफ फाइन ट्यूनने सुधारता येतं. मिररलेसमध्ये सहसा त्याची गरज पडत नाही.

इथे थांबा, जाणकाराकडे द्या

- आतल्या भिंगावर बुरशी, हेझ किंवा दोन दिवसांतही न जाणारं बाष्प. यूट्यूब बघून लेन्स उघडू नका. भिंगांचं केंद्र एकदा हललं की साफ पण कायमची मऊ लेन्स हाती येते.
- चारपैकी एक कोपरा कायम मऊ, किंवा लेन्स पडल्यानंतर सुरू झालेला दोष.
- स्टॅबिलायझरचा खरखराट, चित्र व्ह्यूफाइंडरमध्ये उड्या मारणं.
- खारं पाणी आत गेलंय. लगेच बंद करा, बॅटरी आणि कार्ड काढा, बाहेरून गोड्या पाण्याच्या ओल्या कापडाने मीठ टिपा. पुन्हा चालू करून ‘चालतोय का’ बघू नका. तांदळात पुरू नका, हेअर ड्रायर मारू नका. मीठ आत राहतं आणि सर्किट खात राहतं, म्हणून जितक्या लवकर सेवाकेंद्रात जाईल तितकं बरं. सहलीचे उरलेले दिवस दुसऱ्या कॅमेऱ्यावर किंवा फोनवर काढा.

बोटीवरचा जाणकार म्हणजे कॅप्टन. मोठा तुकडा कोसळल्यावर त्याने बसा म्हटलं की त्या सेकंदाला कॅमेरा खाली, पट्टा गळ्यात, एक हात पकडीला. लाट कड्यापासून तुमच्यापर्यंत यायला थोडा वेळ लागतो, आणि तोच वेळ लोक स्क्रीनवर फोटो बघण्यात घालवतात. सील मान वर काढून तुमच्याकडे एकटक बघायला लागले, तर तुम्ही जास्त जवळ गेलात. ते पाण्यात उतरले तर फोटो संपला आणि आईपासून पिल्लू तुटण्याचा धोका सुरू झाला. बोट मागे घ्यायला सांगा.

दुरुस्तीला देताना नुसतं ‘फोटो ब्लर येतात’ असं लिहू नका. पेन ड्राइव्हवर भिंतीच्या चाचणीतल्या मूळ फाइली, फोकल लेंग्थ आणि अ‍ॅपर्चर लिहून, कोणता कोपरा मऊ ते सांगून द्या, आणि ज्या कॅमेऱ्यावर दोष दिसला तोही सोबत द्या. हिमनदीचे फोटो नमुना म्हणून देऊ नका. त्यात हवा किती आणि लेन्स किती, हे दुरुस्ती करणाऱ्यालाही ओळखता येणार नाही.